दुखावलेल्यानं चूल पेटवावी

उपदेश कुणासाठी होता हे पाळक उन्मेष चोपडेला कधीच ठरवता आलं नाही. ते मंडळी ठरवायची. रविवारी उपासना संपवून तो दारात हात मिळवायला उभा राहीपर्यंत निकाल लागलेलाही असायचा. आज कुणाला हाणला, कुणाला चिमटा काढला, कुणाचं नाव न घेता नाव घेतलं, याची चर्चा चपला शोधता शोधता व्हायची. कोल्हापूरच्या माणसाला आडवळणानं बोललेलं खपत नाही म्हणतात. खोटं आहे. सरळ बोललेल्यात आडवळण सापडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

उन्मेष गडहिंग्लजकडचा. तिकडच्या खेड्यातल्या मंडळीत लोक उपदेशात सरळ झोपायचे, आणि त्याला त्याचं वाईट वाटायचं. इथं कोल्हापूरच्या चर्चमध्ये कुणी झोपत नव्हतं. साठेक घरांची मंडळी डोळे फाडून बसायची आणि ‘लेकी बोले सुने लागे’ यातली आजची सून कोण, ते शोधत राहायची. झोपणारी मंडळी किती गुणाची होती, हे त्याला आता कळत होतं.

ईस्टरच्या दिवसांत तर कहरच झाला. ईस्टरच्या पहाटे शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला त्या दिवशीचा उतारा, होता येशूच्या कबरेकडे गेलेल्या बायांचा. बायांनी येऊन सांगितलं की कबर रिकामी आहे, आणि पुरुषांना ती वायफळ बडबड वाटली, एवढंच उन्मेष बोलला. पण त्याच आठवड्यात पहाटेच्या उपासनेचा मांडव कुठं घालायचा यावरून महिला मंडळ आणि पंच कमिटीची जुंपली होती. महिला मंडळानं संध्याकाळी त्याच्या घरी आंब्यांची पेटी पाठवली. कमिटीतल्या तिघांनी पुढचा आठवडाभर त्याला ओळख दिली नाही.

पुढच्या रविवारी शास्त्रपाठात थोमा आला. प्रभूच्या हातातले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा. ईस्टरनंतरच्या रविवारी तो जगभर येतो, त्याला उन्मेष काय करणार? पण कमिटीचे थोरले पंच गणपतराव दारातच थांबले. उन्मेषच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं, आणि गणपतरावांनी महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं की थेंब पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते गळतंय असं मानणार नाहीत. पाऊस यायला अवकाश होता, त्यामुळं छप्पर तसंच होतं. आणि उन्मेषनं व्यासपीठावरून थोमाला अर्धा तास समजावलं होतं.

सोमवारी सकाळी गणपतराव घरी आले. चहा घेतला नाही. पुढच्या रविवारी काय आहे, एवढंच विचारलं. उन्मेषनं सांगितलं की योहानाच्या शुभवर्तमानातला समुद्रकाठचा प्रसंग आहे. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, काही मिळत नाही. सकाळी प्रभू काठावर उभा असतो, त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतात आणि ते माशांनी भरतं.

“मग माशांवरच बोला,” गणपतराव म्हणाले. “मासं कुनाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत.”

ते गेल्यावर उन्मेषनं हातातलं पेन टेबलावर आपटलं. त्याची बायको सुवार्ता हसली, तेव्हा तिच्यावरही चिडला. पाच वर्षं ईश्वरविज्ञान शिकून माशांवर बोलायचं असेल तर मासळी बाजारातच उभं राहिलेलं काय वाईट, असं तो म्हणाला. सुवार्ता म्हणाली की तिथं तरी लोक खरेदी करून जातात.

त्याच दुपारी चिमणाबाई आली, आणि आठवडा वेगळ्याच वळणाला लागला.

चिमणाबाईनं ऐंशी केव्हाच ओलांडली होती. तिचे दोन मुलगे, थोरला आकाराम आणि धाकटा बाळासो, एकाच गल्लीत चार घरं सोडून राहायचे आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हातारी महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे असे. महिना संपला की तिची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली जाई, कारण कुणीच दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकत नसे. ओळखीचा एक रिक्षावाला चार घरांच्या अंतरासाठी तिला रिक्षात बसवून नेई. गल्लीतली माणसं त्याला हसत, मग हसू आवरून घरात जात.

भांडण जमिनीचं नव्हतं. आबा, म्हणजे त्यांचे वडील, वारले तेव्हा आषाढ होता. बाळासो एसटीचा ड्रायव्हर, गाडी घेऊन गगनबावड्याच्या खाली गेलेला. घाटात दरड कोसळली आणि तो पलीकडे अडकला, फोन लागेना. इकडं धो धो पाऊस, खणलेल्या कबरीत पाणी भरत चाललेलं, दोनदा उपसून झालेलं. आकारामनं दिवस मावळेपर्यंत वाट बघितली आणि शेवटी माती देऊन टाकली. बाळासो पोहोचला तेव्हा माणसं फावडी धूत होती. त्यानं सगळ्या मंडळीदेखत थोरल्या भावाची गचांडी धरली. एकाला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. दुसऱ्याची आयुष्यभराची अब्रू कबरस्तानात गेली. दोघांचंही दुखणं खरं होतं, आणि म्हणूनच ते मिटत नव्हतं.

चिमणाबाईचं मागणं फार नव्हतं. एकदा दोघांच्या मध्ये बसून जेवायचं होतं तिला. गळ्यात गळे घालू नका, बोलू नका, पण एका पंगतीला बसा. हे तिनं मुलांना सांगून झालं होतं. मागच्या वर्षी उन्मेषलाही सांगितलं होतं, आणि उन्मेषनं क्षमेवर असा काही उपदेश केला होता की बोलता बोलता त्याचाच गळा भरून आला होता. उपासनेनंतर आकारामनं त्याचा हात दाबून धरला आणि बरं झालं त्याला ऐकवलंत, असं म्हणाला. पाठोपाठ आलेला बाळासोही तेच म्हणाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ या गोष्टीवर मान डोलावणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुसळाकडे बघत असतो, हे उन्मेषला त्या दिवशी कळलं.

“औंदा तरी व्हईल का?” चिमणाबाईनं विचारलं. “मी काय म्होरल्या ईस्टरला हाय का न्हाय, देवाला ठावं.”

होईल, असं उन्मेष बोलून गेला. ती गेल्यावर त्याला स्वतःचा भयंकर राग आला. शब्द द्यायला पाळकाचं काय जातं, जीभ तेवढी हलवायची असते.

तीन दिवस तो त्या एका प्रसंगापुढं बसून होता. जाळं, होडी, मासे. लिहायचा, खोडायचा. क्षमा मागा म्हटलं तर दोघं दुसऱ्यानं मागावी म्हणून वाट बघत बसणार. क्षमा करा म्हटलं तर आधी त्यानं मागू दे म्हणणार. पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतायचं? गुरुवारी दुपारी, उकाड्यानं जीव नकोसा झालेला असताना, त्याची नजर एका साध्या गोष्टीवर अडली. शिष्य होडीतून काठावर येतात तेव्हा तिथं निखारे आधीच पेटलेले असतात. त्यावर मासळी भाजत असते, शेजारी भाकर असते. हे कुणी केलं? प्रभूनं. आणि होडीत कोण होतं? पेत्र, ज्यानं ऐन वेळी, प्रभूला पकडून नेलं तेव्हा, तीनदा त्याची ओळख नाकारली होती. मग दुखावलेला कोण? चूल कुणी पेटवली?

उन्मेष उठून उभाच राहिला. एवढी वर्षं हा शास्त्रपाठ वाचत होता आणि हे दिसलं नव्हतं. इथं चुकलेला पाय धरायला येत नाही. ज्याचा अपमान झाला तोच आधी उठतो, जाळ करतो आणि म्हणतो, या, न्याहारी करा. आकाराम आणि बाळासो दोघंही नऊ वर्षं छाती ठोकून सांगत होते की दुखावलेला मी. ठीक आहे, दुखावलेले तर दुखावलेले. मग पेटवा चूल. आता पळायला जागाच नव्हती. जो जितका जास्त दुखावलेला, त्यानं तितकं आधी उठायचं.

सुवार्ताला त्यानं हे स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, छान आहे म्हणाली, आणि माणूस यातूनही वाट काढेल असं पुढं म्हणाली. तो म्हणाला, काढून दाखवावी.

रविवारी आकाराम नेहमीसारखा उजवीकडच्या खिडकीखाली बसला, बाळासो डावीकडं दाराजवळ, आणि चिमणाबाई मध्ये, पुढं, तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर. उन्मेषनं सुरुवात माशांपासूनच केली. गणपतराव समाधानानं मागं रेलले. मग तो हळूहळू काठावर आला, निखाऱ्यांपाशी थांबला आणि म्हणाला की ज्याला वाटतं माझ्यावर अन्याय झाला, त्यानं आज घरी जाऊन आधी चूल पेटवावी. दुखावलेल्यानं बोलवायचं असतं. चुकलेल्याला एवढी ताकद नसते, तो होडीतच बसून राहतो.

आकारामची मान खाली गेली होती. बाळासो दाराकडं बघत होता, पण उठून गेला नाही. दारात दोघांनीही उन्मेषशी हात मिळवला, पण त्याला ऐकवलंत असं या वेळी कुणीच म्हणालं नाही. उन्मेष मनातून खूश झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाण भलतीकडे गेला नव्हता.

जेवण करून तो जरा आडवा झाला तोच आकाराम आला. टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला की उपदेश काळजाला लागला, आणि नऊ वर्षांत जे कुणाला बोलला नाही ते बोलायला आलो आहे.

“चूक माझी हाय, पाळकसाहेब. आनखी घटकाभर थांबाय पायजे हुतं. बापाचं तोंड बगायचं राह्यलं त्येचं, माझ्यापायी.”

उन्मेषचे डोळे भरून आले. त्यानं आकारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि चला, आत्ताच जाऊ, असं म्हणाला. आकाराम जागचा हलला नाही.

“मी कसा जाऊ? दुखावलेला त्यो हाय. तुमीच म्हनला की, दुखावलेल्यानं बोलवायचं. त्येनं बोलवू दे. मी येतो.”

आणि टोपी घालून तो निघून गेला. चेहरा असा हलका झालेला की जणू त्याची पापं फिटली. उन्मेष खुर्चीत तसाच बसला. सुवार्ता आतून बघत होती, पण शहाणी बाई, ती चहा टाकायला वळली.

संध्याकाळी डेपोतून बाळासोचा फोन आला. मागं गाड्यांचा गोंगाट. तोही आज फार मोकळं बोलला. भरल्या मातीत थोरल्या भावाच्या गचांडीला हात घालायला नको होता, बाप असता तर त्यानं आपल्याला चाबकानं फोडला असता, असं म्हणाला. चूक आपलीच. तेव्हा आता चूल आण्णानं, म्हणजे आकारामनं, पेटवायची, हे पाळकसाहेबांनी फार चांगलं सांगितलं. एवढं बोलून त्यानं गाडी सुटायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

उन्मेषनं मोबाईल पलंगावर फेकला. नऊ वर्षं ज्यांच्या तोंडून चुकीचा ‘च’ निघाला नाही, ते दोघं आता चूक आपल्याच पदरात ओढून घेत होते, आणि ती का, तर चार घरं चालत जायला लागू नये म्हणून. शास्त्रपाठातून पळवाट काढायला पापाची कबुली वापरलेली त्यानं आजवर ऐकली नव्हती. त्याला हसूही येईना, रडूही येईना.

तरी एक आशा होती. सोमवारी तो आकारामच्या घरी गेला आणि सांगितलं की बाळासोही चूक आपलीच म्हणतोय. त्याला वाटलं, हे ऐकून तरी दगड पाझरेल. आकारामनं विचार केला. बराच केला.

“आसं म्हनतोय? मानतोय चूक?” तो म्हणाला. “मग माफी मागाय त्येनं याला पायजे, का न्हाय?”

उन्मेष ओरडला. पाळकानं ओरडू नये तसा, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. तुम्हाला भावाची गरज नाही, तुम्हाला फक्त न जाण्याचं कारण हवंय. काल ते कारण अपमान होतं, आज चूक आहे, उद्या प्रत्यक्ष प्रभू चूल पेटवून बसला तरी तुम्ही तिसरं कारण शोधाल, असं काहीबाही बोलला. आकारामची बायको पाणी घेऊन आली होती, ती तशीच आत गेली. आकाराम शांतपणे म्हणाला की पाळकसाहेब, तुम्हाला ऊन लागलंय.

तिथून तो तरातरा बाळासोच्या घरी गेला. बाळासो ड्युटीवर होता. या महिन्यात चिमणाबाई त्याच्याकडे होती, ओट्यावर बसून लसूण सोलत होती. उन्मेषला खरं तर तिला हे काही सांगायचं नव्हतं. पण तो इतका तापला होता की सगळं तिच्यापुढं ओतून मोकळा झाला: तुमचे मुलगे असे, तसे, माझा उपदेश वाया गेला, मी हरलो, मला माफ करा. म्हातारी ऐकत राहिली. तिच्या हातातली पाकळी सोलून झाली तरी तिनं ती खाली ठेवली नाही.

“दुखावलेल्यानं चूल पेटवायची, आसंच म्हनला न्हवं तुमी?”

तो म्हणाला, हो.

“मग त्येंच्यात कशाला हुडकताय?” चिमणाबाई म्हणाली. “नवरा गेला त्या दिशी दोन लेकं बी गेली माझी. माझ्याएवढं कोन दुखावलंय हितं?”

तीन दिवस उन्मेषनं तो शास्त्रपाठ वरखाली केला होता, दोन भावांची मापं घेऊन उपदेश बेतला होता, आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये, पुढच्या खुर्चीवर बसलेली बाई त्याला दिसली नव्हती. तिनं मागणं मागितलं, आपण ते पुरवू, एवढंच त्याच्या डोक्यात. तिलाही काही दुखत असेल हे त्याच्या कागदावर कुठंच नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

चार दिवसांनी महिना बदलला. पिशवी उंबऱ्याबाहेर आली, रिक्षा आली. चिमणाबाई रिक्षात बसली आणि आकारामच्या दारावरून रिक्षा पुढं न्यायला लावून थेट पाळकाच्या घरी उतरली. येताना तिनं मासेही घेतले होते. गॅसच्या शेगडीकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. अंगणात तीन विटा मांडून घेतल्या, सुवार्ताकडून चिपाडं आणि काटक्या मागून घेतल्या आणि स्वतः काडी ओढली. तिसऱ्या काडीला जाळ लागला. सुवार्ता मदतीला वाकली तर तिला नुसतं मसाला वाटायला लावलं.

रिक्षावाल्याला तिनं दोन्ही घरी निरोप दिला: आई पाळकसाहेबांकडं हाय, कालवण केलंय, जेवायला या. दुसऱ्यालाही बोलावलंय हे दोघांनाही सांगायचं, लपवाछपवी करायची नाही. आकारामकडून उलट निरोप आला की डबा पाठव. चिमणाबाईनं सांगून धाडलं की डबा मिळणार नाही, आणि दोघं आल्याशिवाय तीही जेवणार नाही.

दुपार टळत आली. कालवण दोनदा गरम करून झालं. उन्मेष आत-बाहेर करत होता; त्याला वाटत होतं आपण जाऊन दोघांना बखोट धरून आणावं, आणि प्रत्येक वेळी सुवार्ता त्याला डोळ्यांनीच थांबवत होती. शेवटी आकाराम आला. आईच्या उजवीकडं पाट होता, त्यावर मुकाट बसला. थोड्या वेळानं खाकी कपड्यांतच बाळासो आला, फाटकात थबकला. चिमणाबाई त्याच्याकडं न बघता भाकरी मोडत राहिली. तो आत आला, हात धुतले आणि डावीकडं बसला.

तिघंही जेवत होते. उन्मेष पाण्याचा तांब्या घेऊन पायरीशी उभा होता आणि त्याच्या मनात एकही वचन येत नव्हतं. दोन्ही भाऊ ताटातनं मान वर करत नव्हते. अर्धी भाकरी झाल्यावर बाळासोचा हात थांबला.

“आण्णा,” तो ताटाकडं बघतच म्हणाला. “आबाचं त्वांड कसं हुतं, शेवटी?”

आकारामनं घास गिळला.

“दाढी वाढलीती त्येची, आजारपनात. म्हटलं तू येनार, बगनार. म्हनून मीच बसून केली. हात कापत हुता माझा. हनवटीला जरा कापलं.” त्यानं भाकरी मोडली. “रगत आलं न्हाई.”

बाळासोनं डाव्या हाताची बोटं स्वतःच्या हनुवटीवर नेली आणि तिथंच ठेवली. चिमणाबाईनं दोघांच्या ताटात कालवण वाढलं, आधी धाकट्याच्या, मग थोरल्याच्या, आणि स्वतःची भाकरी पुढं ओढली.